सोमवारी रुजू होतेय : नव्या नोकरीतल्या पहिल्या दिवसांचे अनुभव सांगा

सोमवारी चिंचवडच्या एका कंपनीत अकाउंट्सला रुजू होतेय. नऊ वर्षांनी. 2016 मध्ये नोकरी सोडली तेव्हा आम्ही व्हॅटची रिटर्न भरायचो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा मी घरी लेकीला वरणभात भरवत होते. आता कोर्स केलाय, टॅलीवर हात बसलाय, मुलाखतही नीट झाली. कामाची धास्ती आहेच, पण अभ्यासाला बसलं की ती उतरते. दुसरी उतरत नाही.

साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. त्यांना 'सर' म्हणायचं की नावाने हाक मारायची? बाकीची मुलं पंचविशीतली. अहो-जाहो केलं तर परकी वाटेन, अरे-तुरे केलं तर आगाऊ. डबा घेऊन कुणाच्या टेबलाशी जायचं? आणि पहिल्याच दिवशी काही वेडंवाकडं बोलून गेले आणि माझ्याबद्दल तेच मत पक्कं झालं तर? रात्री दिवा घालवला की हेच सुरू होतं.

तुमचे पहिले दिवस कसे गेले ते लिहा. काय चुकलं ते लिहाच, पण त्यानंतर काय झालं ते जास्त हवंय.

स्टाफ नर्स, मुंबई

मोठ्या सरकारी रुग्णालयात माझी पहिली ड्यूटी, सकाळची. वॉर्डच्या दाराशी साध्या साडीतल्या एक बाई चादरी मोजत उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, इन्चार्ज सिस्टर कुठे भेटतील?" आमच्याकडे मावशी म्हणजे आयाबाई. त्यांनी चादरीवरचं लक्ष न काढता सांगितलं, "मीच. ओव्हर सुरू झालाय, आत जा." ओव्हर म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं.

त्या दिवशी मला पेशंटची नावंसुद्धा ऐकू येत नव्हती. आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. मग एका रात्रपाळीत एका आजोबांचं सलाइन त्वचेखाली उतरून हात सुजायला लागला होता, ते मी वेळेवर पाहिलं, बंद केलं, नोंद केली. सकाळी ओव्हर देताना त्यांनी ती नोंद मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "असं लिहायचं असतं." पुढे दोन वर्षांनी मी धीर करून 'मावशी'चा विषय काढला. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता. मी मात्र दोन वर्षं तो उराशी धरून बसले होते.

प्राथमिक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

मी सोलापूरचा. शिक्षणसेवक म्हणून पहिली नेमणूक धडगाव तालुक्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. जून महिना, शेवटचे चार किलोमीटर चिखलातून पायी. वर्गात बावीस मुलं. मी हसून विचारलं, "तुमची नावं काय?" कुणी तोंड उघडेना. पुन्हा विचारलं, तर पुढची दोघं मागे सरकली. पोरांनी आपल्याला नाकारलं, असंच माझ्या मनाने घेतलं.

खरं कारण साधं होतं. त्यांच्या घरची बोली पावरी, आणि माझी घाईघाईची सोलापुरी मराठी त्यांच्या कानाला सर्वस्वी परकी. तिसऱ्या दिवशी मी वहीपेन घेऊन खाली त्यांच्यात बसलो. दप्तराकडे बोट दाखवलं, पाण्याच्या हंड्याकडे दाखवलं, खिडकीतल्या मोहाच्या झाडाकडे दाखवलं. एक मुलगी प्रत्येक शब्द सांगायची, मी देवनागरीत लिहून मोठ्याने वाचायचो. माझा उच्चार चुकला की अख्खा वर्ग एकदम दुरुस्त करायचा. अहो, ती पोरं बोलायला लागली ती मला शिकवता शिकवता! ती वही अजून माझ्याकडे आहे, पावसाने कडा फुगलेली. ताई, जिथे आपल्याला येत नाही तिथे समोरच्याला शिकवू द्या. माझं सगळं तिथून सुरू झालं.

नागपूरहून, कारखान्यात काम करते

पहिल्या दिवशी कोरे बूट घालू नका. दुपारपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले आणि सगळा प्लँट लंगडत पाहिला. आठ दिवस आधीपासून घरात घालून सैल करा.

बँक कर्मचारी, सांगली

क्लार्कचा सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ, त्यातला कॅश काउंटरवरचा माझा पहिला दिवस. संध्याकाळी कॅश जुळेना. 900 रुपये कमी. तीनदा मोजले, तेवढेच कमी. खिशातून भरायची माझी तयारी होती, पण 'नवी आली आणि पहिल्याच दिवशी शॉर्टेज' हे शब्द कुणाच्या तोंडून येण्याआधीच माझ्या कानात वाजत होते. बाकीचे पिशव्या उचलून निघाले होते.

हेड कॅशियरकाका खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, "नोटा ठेव बाजूला. 900 ला नऊने भाग जातो ना? मग आकडा उलटा पडलाय का बघ." शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की येणाऱ्या फरकाला नऊने भाग जातोच, हे मला तेव्हा कळलं. आम्ही स्लिपांचा गठ्ठा सोडला. एका भरण्याच्या स्लिपवर 4500 होते, मी मशीनमध्ये 5400 मारले होते. साहेबांकडून नोंद उलटवून घेतली, कॅश टॅली झाली. काकांनी दुसऱ्या दिवशी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. आता नवीन मुलगी काउंटरवर बसली की तिची कॅश जुळेपर्यंत मी निघत नाही.

मानसशास्त्राची प्राध्यापिका, कोल्हापूर

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगते. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर त्याला वाटायचं, निम्म्या जणांनी तरी चित्र पाहिलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्यालाच ते लक्षात आलं होतं. अर्थात एवढं माहीत असूनही पहिल्या तासाला माझे तळहात ओले झाले होते, तेव्हा प्रयोग ऐकून भीती जाईल असं मी म्हणणार नाही.

श्टुटगार्टहून

जर्मनीत येण्याआधी वाचलं होतं की वरिष्ठांना आदरार्थी 'झी' म्हणायचं आणि त्यांनी सुचवल्याशिवाय एकेरी 'डू' वर यायचं नाही. मी ते इमानदारीने पाळलं. पण आमच्या टीममध्ये सगळेच पहिल्या दिवसापासून 'डू' म्हणत होते, आणि माझं आदराने बोलणं त्यांना तुटक वाटत होतं. महिन्याभराने एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन विचारलं, आमचं काही खटकलं का तुला?

आणखी एक. इथे नवीन माणसानेच सगळ्यांसाठी केक वगैरे आणायचा रिवाज आहे, त्याला 'आइनश्टांड' म्हणतात. आपल्याकडे नव्या माणसाला आधी चहा पाजतात, म्हणून मी वाट बघत बसलो. कळल्यावर बायकोने केलेले शंकरपाळे डबाभर नेले. उशीर झाल्याचं कुणी काढलं नाही. ताई, साहेबांना सरळ विचारा, "तुम्हाला काय म्हणू?" मी पहिल्या दिवशी विचारलं असतं तर महिना वाचला असता.

निवृत्त अव्वल कारकून, विदर्भ

मी पलीकडच्या बाजूचं सांगतो. माझ्यासमोर रुजू अहवाल घेऊन उभी राहिलेली कितीतरी पोरं पाहिली. बहुतेकांना सुरुवातीला आवक-जावकचं टेबल मिळते. कोण आल्या आल्या अडखळला, कुणाचा शर्ट चुरगळला होता, यातलं मला काहीच आठवत नाही.

एक मात्र विसरता येत नाही. एका मुलाने जावक नोंदवहीत एकच क्रमांक दोन पत्रांना दिला. टपाल गेलं होतं, पोचपावत्या जुळेनात, वरून फोन आला. मी चारचौघांत, लोक कामं घेऊन उभे असताना, त्याला नको ते बोललो. चूक पाच मिनिटांत निस्तरली. पण त्यानंतर तो मला कधी काही विचारायला आला नाही. कागद अडला की अडलेलाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी शिपायाकडून निरोप पाठवायचा. वर्षभरात बदली करून घेतली त्याने. त्याचं पहिलं मत माझ्याविषयी झालं आणि ते बरोबर होतं. तो हे वाचत असेल तर, बाबा, तेव्हा माझं चुकलं.

पुन्हा मी, सोमवार रात्री

जाऊन आले. तुमचं सगळं बसमध्ये दोनदा वाचलं. बूट जुनेच घातले.

साहेबांना विचारलं. तेच गोंधळले, म्हणाले, "नावानेच बोला, पण मी तुम्हाला मॅडमच म्हणणार." दुपारी खरेदीचं रजिस्टर जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी रिटर्न भरल्यावर पोर्टलवर तयार होणाऱ्या बिलांच्या यादीशी, जुळवायला दिलं. एका पुरवठादाराची बिलं 2बीमध्ये दिसतच नव्हती. विचारू की नको, असं दहा मिनिटं चाललं होतं. मग शेजारच्या मुलीला म्हटलं, "हे तीन महिन्यांनी रिटर्न भरणारे आहेत का गं?" तिने पाहिलं, ते तसेच निघाले. ती सकाळपासून त्याच बिलांपाशी अडली होती.

जेवायला मात्र एकटीच बसले. त्यांचं टेबल भरलं होतं आणि खुर्ची ओढायचा धीर झाला नाही. उठताना तिने माझ्या डब्यात बघून विचारलं, "भरली वांगी का?" उद्या जास्तीची नेतेय. कांदा चिरून ठेवलाय, वांगी सकाळी करते.