अपवर्तन, वक्रीभवन की प्रणमन?

काचतंतू, सोलापूर: प्रकाशतंतूच्या (ऑप्टिकल फायबर) प्रयोगाच्या कृतिपत्रिकेचं मराठी करताना हे वाक्य अडलंय: 'तंतू आणि भोवतीचं तेल यांचा अपवर्तनांक जुळला नाही, तर अपवर्तनामुळे व्यतिकरणाचे पट्टे सरकतात.' अपवर्तन म्हणजे माध्यम बदलताना किरणाचं वळणं (refraction), अपवर्तनांक म्हणजे माध्यमात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, आणि व्यतिकरणाचे पट्टे म्हणजे दोन प्रकाशलहरी मिसळून दिसणारे उजळ-काळे पट्टे. 'अपवर्तन'च्या जागी तपासणारे 'वक्रीभवन' हवं म्हणतात. विश्वकोशात प्रणमन, शाळेच्या पुस्तकात अपवर्तन. काय ठेवावं?

उभाआडवा: शब्द नंतर बघू, आधी वाक्यच चुकलंय. पट्टे सरकतात ते प्रकाश मंदावल्यामुळे, किरण वळल्यामुळे नव्हे. तंतू 125 मायक्रोमीटर जाड. तेल आणि आवरण (गाभ्याभोवतीची काच) यांच्या अपवर्तनांकात 0.001 फरक राहिला, तर मध्यावर पथांतर (दोन लहरींच्या प्रकाशीय वाटेतला फरक) 0.125 मायक्रोमीटर पडतं. लाल लेसरची तरंगलांबी 0.633, म्हणजे पट्टा दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या साधारण एकपंचमांश सरकला. किरण वळतो तेव्हा वेगळंच घडतं. तंतू दंडगोल भिंग बनतो, कडेचे किरण आत ओढले जातात आणि किरण सरळ गेला असं धरून काढलेला अपवर्तनांकाचा आलेख कडेला खोटा पडतो. तंतू हवेत ठेवलात तर मध्यावर सुमारे 90 पट्ट्यांचा फरक, आणि कडेला ते इतके दाटतात की मोजताच येत नाहीत.

मोडकिरण: म्हणूनच वक्रीभवन नको. काचेच्या पृष्ठावर किरण कोनात मोडतो, वक्र होत नाही. 'Refraction'चं लॅटिन मूळही मोडण्याचंच आहे.

उभाआडवा: क्रमिक तंतूच्या गाभ्यात अपवर्तनांक हळूहळू बदलतो, तिथे किरण खरोखरच वक्र जातो. तिथे काय म्हणाल?

शब्दवेल्हाळ: प्रणमन म्हणा. नमणं दोन्हीकडे चालतं. शिवाय अपवर्तन आणि विवर्तन (कडेवरून प्रकाशाचं पसरणं) यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात, तो घोळही टळेल.

मोडकिरण: दहावीला अपवर्तन शिकलेल्या मुलाला प्रणमन कोण समजावणार? रुळलेला शब्द मोडू नका.

शब्दवेल्हाळ: मला तर 'पट्टे' जास्त खटकतो. इंग्रजी शब्द 'fringe' कापडाच्या टोकाला सुटणाऱ्या धाग्यांचा आहे. त्याला आपल्याकडे 'दशा' हा अस्सल शब्द आहे. सोलापूरच्या चादरीच्या गावी तरी तो वापरा!

उभाआडवा: नको. दशा म्हटलं की वाचणारा 'अवस्था' समजतो. तरंगाच्या कलेबद्दल (phase, म्हणजे तरंग चक्रात कुठे आहे ते) बोलताना तर हमखास गोंधळ. दिसतात ते उजळ-काळे पट्टेच, चादरीवरच्या आडव्या पट्ट्यांसारखे.

तेलबत्ती: शब्द कुठलाही घ्या, पण पत्रिकेत तापमान लिहा. तेलाचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण 0.0004 ने उतरतो, काचेचा जवळपास हलत नाही. बाटलीवरचा आकडा बहुधा 25 अंशांचा आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचा असतो. मे महिन्यात खोली 40 वर गेली तर फरक 0.006, म्हणजे पट्टा सव्वाच्या आसपास सरकला. एकपथी (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) तंतूचा गाभा 9 मायक्रोमीटर, त्याचा अपवर्तनांक आवरणाहून 0.005 ने जास्त. त्याची खूण भरते फक्त 0.07 पट्टा. तेल 25 अंशांच्या आसपास ठेवलं नाही तर गाभा दिसणं अवघड. ग्लिसरीन-पाण्यावर भागवायचं असेल तर वजनाने सुमारे 90 टक्के ग्लिसरीन घ्या, पण ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर वेळी ताजं करा. आणि आधी तंतूवरचं प्लास्टिकचं वेष्टन सोलून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

काचतंतू, सोलापूर: वाक्याचे आता दोन भाग करतो, 'मंदावल्याने सरकतात' आणि 'वळल्याने विकृत होतात'. पण दुसऱ्यात अपवर्तन ठेवू की प्रणमन?

शब्दवेल्हाळ: त्याआधी तंतूशी अपवर्तनांक जुळणाऱ्या तेलाला 'जुळवणीचं तेल' म्हणायचं की 'समांकी तेल', ते ठरवा.