आरएसएसआय चांगला, तरी टाइमआउट का?
एकाने विचारलंय की पंपहाऊस ते टाकी ५ किमीची रेडिओ लिंक आहे, आरएसएसआय उणे ८५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) येतोय, तरी मॉडबसला (यंत्रांनी एकमेकांशी प्रश्न-उत्तर करायची पद्धत) अधूनमधून टाइमआउट, म्हणजे उत्तर वेळेत न येणं, का. तर आरएसएसआय म्हणजे रिसिव्हरपाशी किती ताकद पोचली, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे कमीत कमी किती ताकदीवर त्याला डेटा नीट वाचता येतो. समजा ती उणे ११० आहे, तर मधले २५ डीबी हा तुमचा फेड मार्जिन, म्हणजे हाताशी राखलेली जादा ताकद, पावसाळ्यात झाडं वाढली-भिजली की तोच कामी येतो. म्हणजे कागदावर लिंक ठीक. पण आरएसएसआयला आपला सिग्नल आणि परका यातला फरक कळत नाही हो, शेजारी कुणी त्याच चॅनलवर बोलत असला तरी आकडा झकास दिसतो, म्हणून एसएनआर, म्हणजे आपला सिग्नल बाकी गोंगाटापेक्षा किती वर आहे, ते पण बघा.

दुसरं, फ्रेनेल झोन, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवतीची, सिग्नलला मोकळी लागणारी जागा. टाकी डोळ्याला दिसतेय म्हणजे लाइन ऑफ साइट आहे असं सगळे धरून चालतात, पण ८६६ मेगाहर्ट्झला ५ किमीच्या मध्यावर या झोनची त्रिज्या साधारण २१ मीटर, त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी, आणि आपण अँटेना ठोकतो केबिनच्या पत्र्यावर!

आणि मास्टरचा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या यंत्राचा, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) किती ठेवलाय? केबलवरचं २०० मिलिसेकंदाचं सेटिंग बरेच जण रेडिओवर तसंच ठेवतात, हाफ डुप्लेक्स (एका वेळी एक तर पाठवणाऱ्या नाहीतर ऐकणाऱ्या) रेडिओला पाठवणं थांबवून ऐकण्यावर यायला वेळ लागतो, मधे सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर असेल तर अजून जास्त, मग उत्तर येतं पण उशिरा आलं म्हणून मास्टर ते फेकून देतो. आधी १ सेकंद करून बघा, पॉवर वाढवायचं नंतर बोलू.