पेनड्राइव्ह काढली तरी बोर्ड दोन सेकंद स्वतःला डिव्हाइस समजतो (लिनक्स कर्नल ५.१०, यूएसबी रोल स्विच)

डिचोलीचा_पाऊस

मंडळी, जरा डोकं लावा, माझं चालेनासं झालंय.

आमची वेर्ण्यात चार जणांची कंपनी. ट्रॉलरवर बसवायची एक पेटी बनवतो. जीपीएस, इंजिनाचं तापमान, डिझेलची पातळी, सगळं दर मिनिटाला नोंदवते. बाहेर एकच मायक्रो-एबी सॉकेट आहे, कारण दुसऱ्या भोकातून पाणी शिरणार हे ठरलेलं. ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाला नोंदी हव्या असल्या की तो ओटीजी अडॅप्टर (पेटीला होस्ट व्हायला सांगणारा जोड) आणि पेनड्राइव्ह लावतो, तेव्हा पेटी होस्ट, म्हणजे यूएसबी जोडणी चालवणारी बाजू. मी सेटिंग बदलायला लॅपटॉप लावतो, तेव्हा पेटी डिव्हाइस, म्हणजे लॅपटॉपला जोडलेलं उपकरण.

आमच्या चिपमध्ये होस्ट कंट्रोलर वेगळा आणि डिव्हाइस कंट्रोलर वेगळा. डेटाच्या दोन तारा कुणाकडे जायच्या ते एक म्यूक्स (दिशा बदलणारा स्विच) ठरवतो आणि तो एका जीपीआयओवर (चिपच्या साध्या कंट्रोल पिनवर) फिरतो. रोलप्रमाणे, म्हणजे होस्ट की डिव्हाइस त्याप्रमाणे, हा म्यूक्स फिरवणारा रोल स्विच ड्रायव्हर मी लिहिलाय. आयडी पिन (ती ग्राउंडला जोडली की होस्ट व्हायचं) आणि व्हीबस (यूएसबीची ५ व्होल्टची तार) बघायला कर्नलमधला यूएसबी-कॉन-जीपीआयओ ड्रायव्हर आहे तसा वापरतो.

दुखणी तीन:

अडॅप्टरसकट पेनड्राइव्ह उपटली की रोल थेट 'नन' (दोन्ही नाही) व्हायला हवा. तसं न होता आधी 'डिव्हाइस' होतो आणि दोनेक सेकंदांनी 'नन'. तेवढ्यात माझी स्क्रिप्ट लॅपटॉप आला समजून नोंदी थांबवते.

मागच्या गुरुवारी मी शहाणपणा केला. सेट फंक्शनच्या सुरुवातीला 'सध्याचा रोल काय' असं कोअरला (कर्नलच्या रोल स्विच सांभाळणाऱ्या भागाला) विचारून, तोच असेल तर परत फिरायचं, असं घातलं. तेव्हापासून केबल लावली की सगळं गप्प, आणि १२० सेकंदांनी हंग टास्कची, म्हणजे काम अडकल्याची, कर्नलची तक्रार.

तिसरं, मालीम जेट्टीवर नांगरलेल्या एका ट्रॉलरवर चाचणीची पेटी आहे. ती काही न लावता मध्येच होस्ट होते. वेर्ण्याच्या टेबलावर एकदाही नाही.

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला ट्रॉलर बाहेर पडणार. तांडेल म्हणतो, तुमच्या पेटीपेक्षा माझं जाळं बरं, अडकलं तर कुठे अडकलं ते दिसतं तरी.

लूपबॅक

दुसरं दुखणं तुम्हीच लिहून दिलंत. कोअर तुमचं सेट बोलावतं तेव्हा त्या स्विचचं म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) त्याने आधीच धरलेलं असतं. 'सध्याचा रोल काय' विचारणारं फंक्शनही तेच म्यूटेक्स मागतं. म्हणजे घराला आतून कडी लावून स्वतःच बाहेरून दार वाजवण्यातला प्रकार. ती ओळ काढा. रोल लक्षात ठेवायचाच असेल तर आपल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा. खरं तर त्याचीही गरज नाही, तोच रोल पुन्हा आला तर कॉन-जीपीआयओ स्वतःच अडवतो.

पहिल्यासाठी, हाताने रोल बदलून बघितलात का?

डिचोलीचा_पाऊस

कडीचं अगदी पटलं. ओळ काढली, हँग गेला. तीन रात्री जागलो त्याच्यापायी, घरच्यांना सांगू नका.

हाताने कसा बदलू? सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींतून दाखवतो तिथे) माझा स्विच दिसतो, पण त्यात 'रोल' फाइलच नाही.

लूपबॅक

नोंदणी करताना डिस्क्रिप्टरमध्ये (ड्रायव्हर कोअरला देतो त्या माहितीत) युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरून रोल बदलायला, परवानगी देणारं फ्लॅग खरं करा. ते नसेल तर कोअर फाइल लपवतं. पण ध्यानात ठेवा, फाइलीत 'होस्ट' लिहिलं तर तुमचा म्यूक्स फिरेल, ५ व्होल्ट मात्र येणार नाहीत. ते देणारा रेग्युलेटर कॉन-जीपीआयओच्या ताब्यात आहे आणि त्याला यातलं काही कळत नाही. पेनड्राइव्हचा दिवा लागला नाही म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालू नका.

तांबडी_माती

फोंड्याहून. मी सॉफ्टवेअरवाला नव्हे, बोर्ड काढतो. व्हीबसवर कपॅसिटर केवढा टाकलाय?

डिचोलीचा_पाऊस

१५० मायक्रोफॅरड. आणि व्हीबस मोजायच्या डिव्हायडरचे दोन रेझिस्टर मिळून १० के (किलोओहम).

तांबडी_माती

मग झालं की. कॉन-जीपीआयओचा हिशेब सरळ आहे. आयडी खाली असेल तर होस्ट, आयडी वर आणि व्हीबस असेल तर डिव्हाइस, दोन्ही नसेल तर नन. तुम्ही अडॅप्टर उपटला तेव्हा आयडी वर गेला, पण व्हीबसवर तुमचेच ५ व्होल्ट अजून बसलेले. त्याला वाटलं, लॅपटॉप आला. मग त्याने रेग्युलेटर बंद केला, पण १५० मायक्रोफॅरड १० के मधून रिकामा व्हायचा म्हणजे टाइम कॉन्स्टंट दीड सेकंद. पाचावरून सव्वा व्होल्टवर, म्हणजे व्हीबस गेला असं वाटण्याइतकं खाली, यायला त्याच्या १.४ पट, म्हणजे २.१ सेकंद. तुमचे दोन सेकंद हेच. २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (पिन स्थिरावायची वाट) त्याला कुठे पुरणार?

१२० मायक्रोफॅरडहून जास्त हा नियम नुसत्या होस्ट पोर्टचा. दोन्ही रोल करणाऱ्या ओटीजी पोर्टला उलटा नियम, १ ते ६.५ मायक्रोफॅरड. कुणीतरी होस्टचं सर्किट उचलून चिकटवलंय. ४.७ टाका. व्हीबसवर १ के कायमचा लावायचा मोह होईल, तो टाळा. लॅपटॉप झोपल्यावर पोर्टवरून २.५ मिलिअँपच घेता येतात आणि १ के एकटाच ५ खाईल.

आता ती आपोआप होस्ट होणारी पेटी. आयडीला पुलअप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) कोणता?

डिचोलीचा_पाऊस

कुणीतरी म्हणजे मीच.

आयडीला चिपच्या आतला पुलअप आहे, साधारण १०० के.

तांबडी_माती

मालीमला, जुलै महिन्यात, १०० के! सॉकेटच्या पिनांवर मिठाचा ओला थर बसला की आयडी आणि ग्राउंड यांच्यामध्ये तोच एक रेझिस्टर होतो, आणि तो काही दहा-वीस केच्या घरात आला की पिन खाली गेलीच. टेबलावर दिसणार नाही, तुमच्या ऑफिसात एसी आहे. बाहेरून ४.७ के लावा. अडॅप्टरमध्ये आयडी सरळ ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे खरा होस्ट ओळखायला काही अडचण नाही. आणि सॉकेटला रबरी झाकण द्या हो.

लूपबॅक

एक भर. स्क्रिप्टने नुसत्या रोलवर विश्वास ठेवू नये. यूडीसीच्या (डिव्हाइस कंट्रोलरच्या) 'स्टेट' फाइलीत 'कॉन्फिगर्ड' आलं तरच समोर खरा लॅपटॉप आहे असं धरा. मग पुढे कुणी कुठलाही कपॅसिटर टाकला तरी नोंदी थांबणार नाहीत.

डिचोलीचा_पाऊस

उशीर झाला, मधल्या काळात कदंबच्या बसमध्येच राहत होतो म्हणा ना.

४.७ मायक्रोफॅरड लावला. स्कोपवर व्हीबस ७० मिलिसेकंदांत खाली येतो. खोटा डिव्हाइस रोल अजून क्षणभर येतोच, पण स्क्रिप्ट आता यूडीसीची स्टेट बघते, त्यामुळे नोंदीत खड्डा पडत नाही. एक जुनी पेनड्राइव्ह मात्र लावताना व्हीबस एवढा खाली खेचते की ओळखलीच जात नाही. रेग्युलेटरची करंट लिमिट वाढवून बघणार आहे.

मालीमची पेटी उघडली तर सॉकेटमध्ये हिरवा बुरा. पिना नीट पुसून ४.७ के लावला त्याला आज सहा दिवस झाले. पाऊस धो धो, आणि लॉगमध्ये आपोआप होस्ट एकदाही नाही. झाकण म्हणून तांडेलाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून दिलाय. आमच्या डिझाइनरने काढलेल्या झाकणापेक्षा तो घट्ट बसतो, म्हणून तोच ठेवलाय.