माजी सैनिक संघटनांनी सत्कार करावेत की कागद?

सातारी तिखट
२६ जुलैला कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरला ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन. तालुक्याच्या संघटनेचा प्रत्येक कार्यक्रम सारखाच. स्तंभाला पुष्पचक्र, दोन मिनिटं स्तब्धता, वीरमाता-वीरपत्नींना शाल-श्रीफळ आणि मग पाऊण तास आमदारांचं भाषण. बॅनरवर हुतात्म्याचा फोटो कोपऱ्यात, नेत्यांचे मोठे.

माझं मत: दोन वर्षं एकही सत्कार करू नका. त्या पैशात आठवड्यातून दोन दिवस एक टेबल मांडा. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलवरचा हयातीचा दाखला, जे अडलं असेल ते तिथे सोडवा. सेवेचा मान म्हणतात तो हाच.

हवालदार क्लार्क (निवृत्त)
टेबल मांडायला हरकत नाही, पण टेबलावर येणार कोण? वाडीवरची साठीची बाई स्वतःहून ऑफिसात येत नाही. ती येते विजय दिवसाला, कारण गावातल्या चौघी येतात आणि संघटना गाडी पाठवते. शाल दिल्यावर आम्ही तिला बाजूला घेतो आणि विचारतो, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणलाय का?

लष्कराच्या रेकॉर्डमध्ये नाव ‘कमल’, आधारवर ‘कमलाबाई’, जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष. जवानाने लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं यांची लष्करातली अधिकृत नोंद) केली नसेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी तो अविवाहितच. हे कळतं ते त्या मंडपात. कुटुंब पेन्शनचे प्रकारही कुणाला ठाऊक नसतात: लढाईत गेला तर शेवटच्या पगाराइतकी, सेवेशी संबंधित कारणाने गेला तर ६० टक्के, नाहीतर साधारण ३० टक्के. चुकीच्या खान्यात पडलेली बाई वर्षानुवर्षं कमी पैसे घेत राहते आणि सरकारने दिलं तेच खरं समजते. कार्यक्रम बंद केलात तर अशी माणसं शोधणार कुठे?

सातारी तिखट
म्हणजे मंडप हे निमित्त. मग आमदार कशाला?

हवालदार क्लार्क (निवृत्त)
मंडपाचे पैसे कोण देतं, ते तुम्हीच सांगा.

फौजीची लेक
दोघंही स्टेजवर बसणाऱ्यांबद्दल बोलताय. माझे वडील एएससीत (लष्कराचा रसद पुरवणारा विभाग) ड्रायव्हर होते. लडाखला रेशन पोचवलं, सतरा वर्षं नोकरी केली, गोळी कधी चालवली नाही. गेले ते हृदयविकाराने, सुट्टीवर असताना. त्या वर्षी संघटनेच्या यादीत आईचं नाव नव्हतं, कारण ‘ती वीरपत्नी नाही’. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण वर्गवारी करायला सरकार आहेच. संघटना तरी त्या वर्गवारीच्या बाहेर नको का? लंगरचा आचारी, सिग्नलवाला, वर्कशॉपमधला मेकॅनिक यांचा सत्कार झालेला मी तरी पाहिला नाही.

(आणि साडी वाटप बंद करा, प्लीज. आईच्या शेजारणींकडे एकाच रंगाच्या पाच पाहिल्यात मी.)

डोंगरवाट
सातारी तिखट यांच्याशी पूर्ण असहमत. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी पाहिलंय का? पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले. त्यांच्या स्मारकामुळे ते आकडे आज कागदात नाही, गावात आहेत. रायगडच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, १० जुलै १९४४ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. तिथे माळ घालायला कुणी गेलं नाही, तर पुढच्या पिढीला तो पुतळा कुणाचा हेसुद्धा कळणार नाही. पेन्शनचं टेबल हयात माणसांसाठी. गेलेल्यांसाठी समारंभच लागतो.

फौजीची लेक
माळ घालू नका असं कोण म्हणतंय? पण शाळेतली पोरं उन्हात उभी करून पाऊण तास भाषण ऐकवलं, तर त्यांना घाडगे आठवत नाहीत, ऊन आठवतं. पुतळ्यासमोर एखाद्या माजी सैनिकाला दहा मिनिटं बोलू द्या. तेही त्याच्या नोकरीबद्दल, देशभक्तीबद्दल नको.

सातारी तिखट
हे मान्य. स्टेज मात्र मान्य नाही. ध्वजदिन १९४९ पासून आहे, आणि त्याच्या निधीतून मदत मिळते ती अर्ज भरता येणाऱ्याला. अर्ज भरून देणारा माणूस गावात नसेल तर छातीला झेंडा लावून काय उपयोग?

नवा भिडू
मध्येच विचारतो. अग्निवीरांचं काय करणार? पहिली बॅच चार वर्षं संपवून बाहेर पडली की चारातले तीन घरी. नियमाप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. तुमच्या संघटनेत घेणार का?

हवालदार क्लार्क (निवृत्त)
आमच्या घटनेत सभासद म्हणजे ‘माजी सैनिक’, आणि डिस्चार्ज बुक दाखवावं लागतं. मागच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा दोन जेसीओ (सुभेदार वगैरे हुद्द्याचे) उठून म्हणाले, चार वर्षांत कसला फौजी. मी विरोध केला. बर्फात त्याने काढलेली रात्र आमच्यापेक्षा लहान नव्हती.

डोंगरवाट
पण मग पंधरा वर्षं काढणाऱ्याला आणि चारवाल्याला एकच खुर्ची?

फौजीची लेक
खुर्च्या मोजायची सवय आधीपासून आहेच की.

हवालदार क्लार्क (निवृत्त)
सहयोगी सभासद म्हणून घ्यायचा ठराव मांडतोय. मताधिकार नसेल, पण टेबल त्यांच्यासाठीही उघडं. आणि हो, सातारी तिखट, टेबल मांडतोय मंगळवारी आणि शुक्रवारी. मंडप मात्र राहणार.

सातारी तिखट
आमदार?

हवालदार क्लार्क (निवृत्त)
पाच मिनिटं. घड्याळ माझ्याकडे.