मदत हवी आहे: जुन्या फोटोतली माणसं पडक्या वाड्यात बसत नाहीयेत (तातडीचं)

चौथाखण
मंडळी, डोकं पिकलंय. आमच्या पडक्या वाड्याचा आजचा फोटो आणि घरातला जुना ग्रुप फोटो असं मोंटाज करतोय. म्हणजे ती सगळी माणसं आजच्या पडझडीत, पूर्वी होती तिथेच बसलेली. आठवडाभर रोज रात्री हेच चाललंय. माणसं लावली की कॅलेंडरवरच्या देवांसारखी तरंगतात. लहान केली, मोठी केली, सावली दिली, कडा पुसट केल्या. ढिम्म फरक नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला हवंय, त्यातून छपाईचे चार दिवस वजा करा. जाणकारांनी मार्ग सुचवावा. 'कोर्स करा' सांगू नये.

गुळांबा
किती गोड कल्पना! फोटो टाका की इथे.

रात्रपाळी
कशात करताय? जुना फोटो स्कॅन केलाय की फ्रेमसकट मोबाइलने टिपलाय? वाड्याचा फोटो कशाने, कुठून, किती वाजता काढला? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटल्यासारखा धागा आहे हा.

चौथाखण
गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर). जुना फोटो चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवला. वाडा मोबाइलने काढलाय, दिवाळीत गेलो होतो तेव्हा, साडेचारच्या सुमारास. पण कापण्यात काही चूक नाहीये हो, केस न केस कापलाय.

नवा_भिडू
कशाला एवढी मरमर? दोन्ही फोटो एआयला द्या, दहा सेकंदांत काम तमाम.

चौथाखण
दिला होता. पणजोबांच्या काळ्या टोपीचा फेटा केला, थोरल्या काकूंना दुसऱ्याच कुणाचं तरी नाक लावलं आणि मागच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ आणून उभे केले. आत्याआजीने 'हा कोण?' विचारलं तर काय सांगू?

सातबारा
वाडा कुणाच्या नावावर आहे? पणजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं. मागाहून फार जड जातं. स्वानुभव.

चौथाखण
अहो, मी फोटोबद्दल विचारतोय.

सातबारा
आज फोटोबद्दल विचारताय. असो.

प्लेटवाला
मी स्टुडिओत अकरा वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत, त्या हिशेबाने विचारतो. १) फोटो साधारण कुठल्या साली काढलेला? २) माणसं नक्की कुठे बसली आहेत? ३) सावल्या कुठल्या बाजूला पडल्या आहेत? ४) मूळ प्रिंट केवढी, आणि काचेला चिकटली आहे का?

चौथाखण
मागे पेन्सिलीने १९५० लिहिलंय. वाई तालुक्यातलं गाव. आतल्या चौकात फोटो घेतलाय. ओसरीच्या पायऱ्यांवर बायका-मुलं, खाली चौकात खुर्च्यांवर पुरुष, ओसरीवर उभे बाकीचे. एकूण १९ माणसं आणि एक मांजर. आत्याआजी सहा वर्षांची, पायरीच्या टोकाला मांजर मांडीवर घेऊन बसलीये. तिचंच सहस्रचंद्रदर्शन आहे १४ तारखेला. लग्नानंतर वाडा तिचं माहेर, म्हणून हा खटाटोप. खांबांच्या सावल्या भिंतीवर उजवीकडे पडल्यात. प्रिंट ८ बाय १० इंच असावी, चिकटली आहे की नाही ते भावाला विचारतो.

रात्रपाळी
हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं, दादा!

गुळांबा
मांजर!! आता तर फोटो बघायचाच आहे.

प्लेटवाला
ओसरीचं तोंड कुठे?

चौथाखण
पूर्वेला.

प्लेटवाला
मग ऐका. कॅमेरा पश्चिमेकडे बघतोय, म्हणजे डाव्या हाताला दक्षिण. सावली उजवीकडे गेली म्हणजे ऊन मागून, डावीकडून आलंय. सूर्य आग्नेयेला. थंडीच्या दिवसांतली सकाळ, दहा-अकराचा सुमार. तुम्ही गेलात साडेचारला, तेव्हा सूर्य ओसरीच्या पाठीमागे. तुमच्या फोटोत पायऱ्या अंधारात आणि वरचं आभाळ पांढरंफटक असणार. उन्हातली माणसं सावलीत बसवताय, ती बसणार कशी? सध्या दिवस थंडीचेच आहेत, सकाळी जाऊन परत काढा.

चौथाखण
पुण्याहून परत जायचं? सॉफ्टवेअरमध्ये नाही का होणार?

प्लेटवाला
उजेड वाढवता येतो. दिशा बदलता येत नाही.

कोरडेपाषाण
आणि जाताना कॅमेरा न्या. मोबाइलची वाइड (रुंद दृश्य घेणारी) लेन्स पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या वस्तूंचं प्रमाण, बिघडवते. जुना फोटो ५० एमएमसारख्या लेन्सचा असणार. ५० एमएमशिवाय पर्याय नाही.

रात्रपाळी
पर्स्पेक्टिव्ह लेन्सने बदलत नाही, तुम्ही उभे कुठे त्याने बदलतं. त्याच जागेवरून वाइडने काढून मधला भाग कापून घेतला तरी रेषा त्याच येतात. फक्त पिक्सेल कमी मिळतात.

कोरडेपाषाण
पंधरा वर्षं फोटोग्राफी करतोय. वाइडने नाक मोठं येतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

रात्रपाळी
नाक मोठं येतं कारण वाइड लावून तुम्ही जवळ जाता. लांबच उभं राहून काढून बघा एकदा.

कोरडेपाषाण
पुस्तकी ज्ञान. चालू द्या.

सुपारीकातर
शुभकार्यात पडक्या घराचा फोटो लावणार? आमच्याकडे असलं चालत नाही. वाडा चांगला होता तेव्हाचाच फोटो मोठा करून लावा, हार घाला, म्हातारीला बरं वाटेल.

चौथाखण
काकू, तिनेच मागितलंय. 'आता आहे तसा दाखव, पण माणसं ठेव' हे तिचे शब्द.

चित्रकथी
काकू, गेल्या माणसांना आजच्या भिंतींत बसवायचं वेड जुनंच आहे. रशियात सर्गेई लारेन्कोव्ह या फोटोग्राफरने दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यातले फोटो त्याच शहराच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर असेच बसवले, मूळ फोटोग्राफर उभा होता ती जागा हुडकून. आपल्याकडे चित्रकार विवान सुंदरम यांनी मावशीच्या, म्हणजे चित्रकार अमृता शेरगिलच्या घरातले फोटो घेतले. बरेचसे उमरावसिंग या आजोबांनी काढलेले. त्यांतून २००१-०२ मध्ये डिजिटल मोंटाजं केली. आजोबा, आई, मावशी एका खोलीत, वेगवेगळ्या वर्षांतले. आणि चिकटवाचिकटवी म्हणाल तर रेयलँडर या फोटोग्राफरने १८५७ सालीच तीसेक निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं.
धागाकर्त्याला माझं सांगणं: जोड लपवू नका. माणसं तपकिरीच ठेवा, पडझड रंगीत ठेवा. दोन काळ एकमेकांवर आलेत हे दिसू दे.

प्लेटवाला
जोड दाखवायचा असला तरी आधी बसला पाहिजे. न बसलेला जोड दाखवणं म्हणजे शिंप्याने उसवलेली शिवण फॅशन म्हणून विकणं.

चौथाखण
भावाशी बोललो. प्रिंट एका कोपऱ्यात काचेला चिकटली आहे, आणि काळ्या भागांवर निळसर चकाकी दिसते. पुसून जाईल का?

बारभाई
ओल्या कापसाने हलकेच पुसा, वाफ दिली की काच सुटते. आम्ही आजोबांचा फोटो असाच काढला.

प्लेटवाला
नाही, नाही, नाही! पाणी अजिबात लावू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो, ओला झाला की फुगतो आणि काचेबरोबर सोलून येतो. चकाकी ही चांदी आहे. फोटोतली चांदी वर्षानुवर्षांत वर येऊन बसते. ती मळ नव्हे. चिकटलेली प्रिंट काढूच नका. काचेसकट टेबलावर ठेवा, कॅमेरा बरोबर वर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून उजेड, दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिला आडवा फिरवलेला पोलरायझर (चकाकी गाळणारा फिल्टर). चकाकी बरीच मरते.

बारभाई
आमचा निघाला होता.

रात्रपाळी
आणि तुमच्या आजोबांचा चेहरा?

बारभाई
अर्धा आला.

रात्रपाळी
आकाराचंही बघा. मोंटाज किती मोठं छापणार? २४ बाय ३० इंच म्हणत असाल तर ८ बाय १० ची प्रिंट तिप्पट मोठी होते. कॅमेऱ्यातून आखूड बाजूला ४८०० पिक्सेल मिळाले तर छापताना इंचाला २०० पडतात, भिंतीवर पुरेसे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत याच्या जवळपासही काही नसतं. भावाला म्हणावं, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

कायदेकानू
स्टुडिओवाल्याची परवानगी घेतली का? कॉपीराइट त्याचा असतो.

चित्रकथी
पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. १९५७ च्या कायद्यात कलम १७ बघा, त्याआधीच्या कायद्यातही तसंच होतं. घरच्या भिंतीवर लावायचंय, सिनेमा काढायचा नाही.

पुराणवस्तू
वाड्याचे सागवानी खांब शाबूत आहेत का? विकायचे असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

जोतं
उशिरा आलोय, पण सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. (मी जुन्या वाड्यांची मोजमापं घेतो, तोच धंदा आहे.) चौथाखण, जुन्या फोटोत ओसरीला पायऱ्या किती? आणि तुमच्या फोटोत किती?

चौथाखण
थांबा, बघतो.
…
जुन्यात पाच. माझ्यात तीन!!

जोतं
माडी पडली ना?

चौथाखण
हो, २००५ च्या पावसाळ्यात. पूर्वेकडची सगळी.

जोतं
मातीच्या भिंती होत्या, त्या चौकात येऊन बसल्या. खालच्या दोन पायऱ्या पुरल्या गेल्या. पायरी सात इंचांची धरली तर चौक १४ इंच वर आलाय. खुर्च्यांवरच्या पुरुषांचे पाय जिथे टेकले होते ती जमीन आता जवळजवळ सव्वा फूट मातीखाली आहे. तुम्ही त्यांना वरच्या मातीवर टेकवायला बघताय. तरंगणारच.
दुसरं. तुम्ही स्वतः त्याच मातीवर उभे होतात. जुन्या फोटोत पाचही पायऱ्यांचे माथे दिसतात का? ओसरीची जमीन?

चौथाखण
पायऱ्यांचे माथे दिसतात. ओसरीची जमीन अगदी दोऱ्याएवढी.

जोतं
म्हणजे लेन्स ओसरीच्या जमिनीहून थोडीच वर होती. पाच पायऱ्या म्हणजे ३५ इंच, लेन्स साधारण ४२ वर धरू. तुम्ही मोबाइल पाच फुटांवर धरलात, म्हणजे ६०, खाली १४ ची माती, एकूण ७४. त्या फोटोग्राफरपेक्षा तुम्ही अडीच फुटांहून जास्त वर आहात. पुढच्या खेपेला लेन्स मातीपासून २८ इंचांवर. उकिडवे बसा.
चौकात तुळशीवृंदावन आहे का अजून?

चौथाखण
आहे. अर्धं पुरलंय, पण आहे. कुणी हात लावला नाही त्याला.

जोतं
उत्तम. जुन्या फोटोत वृंदावनाची कड मागच्या कुठल्या खांबावर येते ते बघून ठेवा. जागेवर गेल्यावर ती कड त्याच खांबावर येईपर्यंत डावीउजवीकडे सरका. मग वृंदावन आणि खांब यांच्या रुंदीचं प्रमाण जुळेपर्यंत पुढेमागे. प्रिंटची झेरॉक्स हातात ठेवा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण एकदा जागा सापडली की रेषांचं काम उरत नाही. आणि माडीचा जो भाग उरलाय त्याच्याखाली उभं राहू नका. तुळईचं टोक भिंतीत कुजलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही.

कोरडेपाषाण
५० एमएम न्याच तरी.

चित्रकथी
मग पुरलेल्या पायांचं काय करायचं? मी म्हणतो, पुरुष गुडघ्यापर्यंत मातीतच राहू देत. लेयर मास्कने (फोटोचा नको तो भाग झाकायची सोय) पाय मातीच्या कडेशी पुसा, दोनचार विटा आणि गवताची पाती माणसांच्या पुढे आणा. जमीन वर आली, माणसं होती तिथेच राहिली. सबंध चित्र त्यातच आहे.

सुपारीकातर
अगं बाई! सहस्रचंद्रदर्शनाला घरातले पुरुष मातीत गाडलेले दाखवणार?

चित्रकथी
कला आहे, काकू.

सुपारीकातर
कला तुमच्या घरी करा.

पायवाट
मी शेजारच्या गावचा. घमेलं-फावडं घेऊन दोन पायऱ्या मोकळ्या का करत नाही? दोन माणसांचं सकाळचं काम. काठीने आधी आपटा, विटांत जनावर असतं.

चौथाखण
मोकळ्या करायला हरकत नाही, पण आमच्यात वाड्यावरून कोर्टात दावा चालू आहे. कुणी काही हलवायचं नाही असं ठरलंय.

सातबारा
म्हटलं होतं.

चौथाखण
(दहा दिवसांनी) रविवारी जाऊन आलो. ज्यांच्याशी दावा आहे त्या चुलतकाकांना आदल्या दिवशी फोन केला. आधी नाहीच म्हणाले. फोटो कुणासाठी ते सांगितल्यावर म्हणाले, पायऱ्यांपुरतंच, आणि मी समोर असेन. सकाळी आठला काका खुर्ची टाकून बसले, मी आणि भाऊ उपसायला. साप निघाला नाही, विंचू निघाले तीन. वरून चौथ्या पायरीचा उजवा कोपरा उडालेला आहे, त्रिकोणी. जुन्या फोटोत आत्याआजी बसलीये तिथे तस्साच त्रिकोण दिसतो, मला इतके दिवस ती प्रिंटवरची चीर वाटत होती. काका उठून आले आणि त्यावर बोट फिरवून गेले, बोलले काही नाहीत.
साडेदहाला ऊन बरोबर आलं. उकिडवा बसून २८ इंच. वृंदावनाची कड तिसऱ्या खांबावर. काल रात्री माणसं लावली, पहिल्या फटक्यात बसली. लहानमोठं करावंच लागलं नाही म्हटलं तरी चालेल. फक्त डावीकडचे दोघे अजून जरा चिकटवल्यासारखे दिसतात.

प्लेटवाला
काळा रंग जुळवलात का? जुन्या प्रिंटमधला काळा तपकिरी असतो, मोबाइलचा ठार काळा. पायऱ्यांच्या फटींतला काळा वर उचला, म्हणजे जरा फिका करा. खुर्चीच्या पायाखाली अगदी बारीक गडद सावली मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा लेयर मोड) द्या, बोटाएवढी, जास्त नको. आणि सगळं झालं की शेवटी एकच ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) दोन्हींवरून फिरवा.

चौथाखण
खुर्चीचे पाय! तेच राहिलं होतं. करतो आत्ता.

गुळांबा
मांजर आलं का नीट?

चौथाखण
आलं. शेपटी त्रिकोणात.

पुराणवस्तू
खांबांचं कळवलं नाहीत.