घाटात दोन स्पोर्ट्स कार तपासायच्या आहेत, नेमकं काय बघू?

पणजीकर_७७: पोर्शे केमन आणि बीएमडब्ल्यू एम२, दोन्ही जुन्या. वळणात कोणती सरस हे ठरवायचं कसं? चोर्ला घाटात नेईन म्हणतो.

टायरवाला: आधी टायर बघा. कडेवर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा. एकीला नवे आणि दुसरीला कडक झालेले टायर असतील, तर तुम्ही गाड्या नव्हे, रबर तपासताय. हवा टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मागच्या चाकांचा टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) बिघडला असेल तर गाडी सरळ रस्त्यातही चुळबुळते, आणि दोष डिझाइनला जातो.

लालमाती: घाटात मर्यादा शोधू नका, दादा. ट्रक आहेत, पावसात पालापाचोळा. परवानगी काढून मोकळं आवार मिळवा, ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ रस्त्यावरचे शंकू लावून आखा, जांभ्याची धूळ झाडून घ्या. वेग हळूहळू वाढवा. ताशी ६० किमीला सुमारे ०.९४ जी बसतो, म्हणजे बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.९४ पट. नाक बाहेर सरकू लागलं की अंडरस्टिअर. तिथेच गॅस अलगद सोडा: नाक किती आत वळतं, शेपूट किती सुटते? इंजिन मध्ये असलेली केमन चटकन वळते, पण सुटली तर सावरायला वेळही कमीच देते. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा.

पणजीकर_७७: बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं बाजूला झुकणं, जास्त तर गाडी वाईट ना?

टायरवाला: नाही हो. रोल एकदाच होऊन स्थिरावला तर चालतं. झुलत राहिली तर डँपर (शॉक अॅब्सॉर्बर) गेलेत.