भांडण हवंच!

कुणीतरी म्हटलंय की मित्रमित्र सिनेमावर बोलतात ते परीक्षण नव्हेच, नुसता टाइमपास. अर्धंच पटलं, कारण गप्पांत वाद रंगला की तेही परीक्षणच होतं. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे शिकागोतल्या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे समीक्षक. १९७५ पासून टीव्हीवर शेजारीशेजारी बसून वाद घालायचे. सिनेमा आवडला तर अंगठा वर, नाही तर खाली, हे त्यांनीच लोकप्रिय केलं. पण खरी गंमत निकालात नव्हती, एकमेकांना खोडून काढण्यात होती. (सुरुवातीला तर दोघांचं अजिबात पटत नसे!) नुसती री ओढणारे चार मित्र पंधरा मिनिटांत झोप आणतात. आमच्या कंपूतला एकजण दरवेळी पार्श्वसंगीतावरच अडून बसतो. आधी वैताग यायचा, आता माझाही कान तिकडेच जातो. फक्त शेवट फोडणाऱ्याला बोलवू नका, बास.